मोत्याचें चित्र

एखाद्या सत्कार्यासाठीं चित्र काढून देणें ही जगांतील सर्वांत स्वस्त दानशूरता आहे, अशी आमची पुष्कळ वर्षें समजूत होती. धनिकानें हजार रुपये दिले कीं त्याच्या तिजोरींतून हजार रुपये कमी होतात. वैद्यानें औषध फुकट दिलें कीं त्याची बाटली रिकामी होते. पण चित्रकारानें चित्र दिलें तर त्याचें जातें काय? एक कागद, थोडासा रंग आणि एका-दोन रात्रींची झोंप. आणि पदरांत पडतें किती! सभेंत पहिल्या रांगेची खुर्ची, नारळ, शाल, अध्यक्षांच्या भाषणांत आपलें नांव, आणि या सर्वांहून मोलाची गोष्ट म्हणजे, आपण गृहस्थ मोठे सहृदय आहों अशी घरीं परततांना होणारी स्वतःची खात्री. या हिशेबानें आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ दानशूर आहों.

पोटासाठीं आम्ही पुस्तकांचीं मुखपृष्ठें आणि दिनदर्शिकांवरील देवदेवता काढतों. परंतु सत्कार्याची हांक आली आणि आम्हीं ती परतविली, असें सहसा झालेलें नाहीं. १९९३ सालीं किल्लारीला भूकंप झाला तेव्हां आम्हीं ढिगाऱ्यावर बसलेलें मूल काढलें. २००५ च्या जुलै महिन्यांत मुंबई पाण्याखालीं गेली तेव्हां म्हातारीला पाठीवर घेऊन जाणारा तरुण काढला. अनाथ मुलें, अंध विद्यार्थी, दुष्काळांतील गुरें, रस्त्यावरचीं कुत्रीं. जो आला त्याला आम्हीं हवें तें दुःख काढून दिलें.

या कामाची आमची एक रीत ठरून गेली होती. ती आज सांगून टाकतों. डोळे खऱ्याहून दीडपट मोठे काढावे, गाल किंवा बरगड्या आंत ओढून घ्याव्या, पाठीमागची जागा करड्या रंगांत मोकळी सोडावी, आणि अगदीं शेवटीं, खालच्या पापणीच्या कडेला, पांढऱ्या रंगाचा एकच ठिपका ठेवावा. तो ठिपका म्हणजे अश्रु. माणसाच्या डोळ्याला तो चालतो, गाईच्या चालतो, कुत्र्याच्याही चालतो. तो ठेवतांना आमचा हात कधीं कांपला नाहीं. आणि तो ठेवल्यावर निधीला पैसे आले नाहींत असेंही कधीं ऐकलें नाहीं.

वाचकांस वाटेल, हा गृहस्थ आपल्याच धंद्याची निंदा करावयास बसला आहे. तसें नाहीं. त्या ठिपक्यानें आलेल्या पैशांतून घोंगड्या आल्या, औषधें आलीं, कोणाच्या तरी पोटांत घांस गेला. तें पुण्य असेल तर ज्याचें त्यास लाभो. आम्हांस सांगावयाचें आहे तें निराळें. आणि तें सांगण्यासाठीं आमच्या मोत्याला मध्यें घेतल्याशिवाय गत्यंतर नाहीं.

मोत्या आमच्याकडे आला तो २००८ च्या मृगांत. गिरगांवांतील आमच्या चाळीच्या जिन्याखालीं भिजून गोळा होऊन बसलेलें तें पिलूं चाळींतील मुलांनीं वर आणलें, आमच्या दारांत ठेवलें, आणि शाळेला गेलेलीं तीं मुलें त्याला न्यावयास कधीं परत आलींच नाहींत. नांवही मुलांनींच ठेवलेलें. मोत्याचा गुण त्यांत एकही नव्हता. रंग दूध कमी पडलेल्या चहासारखा. अंगावर कोणत्याही थोर कुळाची खूण नाहीं. डावा कान उभा आणि उजवा निम्म्यावर दुमडलेला, त्यामुळें त्याला जगांतली प्रत्येक गोष्ट अर्धीच ऐकूं आली आहे असें वाटे.

त्यानें आपली जागा आमच्या कामाच्या टेबलाखालीं ठरवून टाकली. आमच्या डाव्या पावलावर हनुवटी टेकून तो दिवसभर निजे. पुढें पुढें त्या पावलाला त्या वजनाची इतकी संवय झाली कीं, तें नसलें तर हातून रेघ नीट उमटत नसे. टर्पेंटाइनचा वास आला कीं त्याला लागोपाठ तीन शिंका येत. कुंचले धुण्याचें पाणी एकदां त्यानें पिऊन टाकलें आणि संध्याकाळपर्यंत निळ्या जिभेनें चाळभर हिंडला. एकदां लक्ष्मीचें चित्र ओलें असतां त्यानें त्यावर पुढचा पाय ठेवला. प्रकाशकांचा माणूस दारांत उभा. आम्हीं तो ठसा तसाच कमळाच्या पानांत बसवून दिला. त्या वर्षीं कितीतरी घरांच्या भिंतींवर लक्ष्मीच्या पायांशीं मोत्याचा पाय होता, आणि तेवढ्यावरून कोणाकडे यावयाची लक्ष्मी थांबली असें आमच्या कानावर नाहीं.

अशा या मोत्याचें आम्हीं अकरा वर्षांत एकही चित्र काढलें नाहीं. कोणी विचारलें तर म्हणत असूं, "घरचाच आहे, काढूं केव्हांतरी." घरच्या माणसांचें असेंच असतें. ज्याचें चित्र काढावयाचें त्याच्याकडे आपण पाहतों. जें पायाशीं असतें त्याच्याकडे कोण पाहतो?

२०१९ च्या भाद्रपदांत आमच्याकडे एक काम आलें. जनावरांची शुश्रूषा करणाऱ्या एका संस्थेला भिंतीवर लावण्यासाठीं मोठें चित्र हवें होतें: आजारी, बेवारशी कुत्रा. चार दिवसांची मुदत. काम अर्थातच विनामूल्य. आम्ही टेबलाशीं बसलों. पहिल्याच दिवशीं दुपारीं आमच्या सौभाग्यवती दारांत येऊन म्हणाल्या, "अहो, मोत्यानें सकाळपासून पोळीला तोंड लावलेलें नाहीं. जरा दाखवून आणतां कां?" आम्हीं मान वर न करतां सांगितलें, "उद्यां नेऊं." दुसऱ्या दिवशीं त्यांनीं पुन्हां विचारलें, आणि आम्हीं पुन्हां तेंच सांगितलें. त्या दिवशीं पावलावरची हनुवटी नेहमींहून ऊन लागत होती. तें आम्हांस जाणवलें नाहीं असें नव्हे. चांगलें आठवतें, आम्हांस वाटलें, पाऊस उघडला आहे, उकाडा वाढला असेल. आणि आम्ही कागदावरच्या कुत्र्याच्या बरगड्या रंगवूं लागलों.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं हांक मारली तरी त्यानें मान उचलली नाहीं. ओंठ वर करून पाहिला तों हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. दवाखान्यांत नेलें. डॉक्टरांनीं रक्त तपासलें आणि गोचिडांच्या चावण्यानें येणारा ताप असल्याचें सांगितलें. त्यांत अंगांतलें रक्त झपाट्यानें नासत जातें. त्यांनीं सुई दिली, सलाईन लावलें, करावयाचें तें सर्व केलें. जातांना ते म्हणाले, "दोन दिवस आधीं आणला असता तर..." आणि वाक्य त्यांनीं पुरें केलें नाहीं. सज्जन माणूस, पुरें केलें असतें तरी आमची हरकत नव्हती. दुसऱ्या दिवशीं पहाटे मोत्या गेला. त्याच दिवशीं दुपारीं संस्थेचा माणूस चित्र न्यावयास आला. तें तयार होतें; फक्त ठिपका राहिला होता. तो आम्हीं ठेवला आणि चित्र दिलें. पुढें कळलें कीं त्या चित्रानें पुष्कळ पैसे जमले.

त्यानंतर तीन वर्षें आम्हीं कोणत्याही सत्कार्यासाठीं कुंचला उचलला नाहीं. लोकांस वाटलें, वय झालें. आम्हींही तें वाटूं दिलें.

२०२२ सालीं एक तरुण मुलगी आमच्याकडे आली. तिच्या मंडळीचें काम रस्त्यावरच्या कुत्र्यांचें. भटकीं कुत्रीं मारून टाकण्याऐवजीं त्यांची नसबंदी करून, लस टोंचून त्यांना जेथल्या तेथें परत सोडावें, असे केंद्र सरकारचे नियम २००१ सालापासून आहेत. परंतु नियम कागदावर असतो आणि लस पैशानें येते. पैशासाठीं चित्रांचें प्रदर्शन आणि विक्री. "काका, एक तरी चित्र द्याच," ती म्हणाली. नाहीं म्हणण्यासाठीं आम्हीं तोंड उघडलें, आणि तोंडांतून निघालें, "मोत्याचें देतों."

पंधरवड्यानें ती कच्चें रेखाटन पाहावयास आली. टेबलाखालचा अंधार, त्यांत निजलेला मोत्या, आणि त्याच्या हनुवटीखालीं एका माणसाचें पाऊल. इतकेंच त्यांत होतें. तिनें बराच वेळ पाहिलें. मग अवघडून म्हणाली, "सुंदरच आहे, काका. पण हा तर सुखांत झोंपलेला दिसतो. याला पाहून कोण पैसे देणार? जरा बरगड्या दिसूं द्या ना. आणि डोळे उघडे असते तर..." मुलीचें कांहीं चुकलें नव्हतें. तिला लसी आणावयाच्या होत्या. आणि ती मागत होती ती गोष्ट बाजारांत आम्हींच तर रूढ केलेली!

ती गेल्यावर त्या रात्रीं आम्हांस हॉगार्थची आठवण झाली. विल्यम हॉगार्थ हा अठराव्या शतकांतील लंडनचा चित्रकार. जन्म १६९७, मृत्यु १७६४. सत्कार्यासाठीं चित्रें आणि घरचें कुत्रें या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यांत पाहावयाच्या असतील तर याच्याइतका चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाहीं. टाकून दिलेल्या तान्ह्या मुलांसाठीं कॅप्टन थॉमस कोरम यानें १७३९ सालीं लंडनांत अनाथालयाची सनद मिळविली, तेव्हां हॉगार्थ त्याच्या चालकांपैकीं एक होता. त्यानें कोरमचें भव्य चित्र काढून संस्थेला दिलें, इतर चित्रकारांकडून चित्रें मिळविलीं, आणि तीं पाहावयास येणाऱ्या श्रीमंतांचा हात आपोआप खिशाकडे जाऊं लागला. त्याला स्वतःला मूल नव्हतें. त्या संस्थेंतील मुलें त्यानें व त्याच्या पत्नीनें आपल्या घरीं सांभाळलीं.

आणि कुत्रीं! १७३० सालीं त्याचा पग जातीचा कुत्रा हरवला, तेव्हां त्यानें वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन आणून देणारास अर्धी गिनी बक्षीस लावलें होतें. पुढें त्याच जातीचा ट्रम्प नांवाचा कुत्रा त्याच्याकडे आला. १७४५ सालीं हॉगार्थनें त्या कुत्र्यासह आपलें जें चित्र काढलें तें आज लंडनच्या टेट संग्रहालयाचें आहे. त्याच्या छापील प्रती आम्हीं विद्यार्थिदशेपासून पाहिल्या होत्या. पण त्यांतली खोंच त्या रात्रीं प्रथम ध्यानांत आली. त्या चित्रांत हॉगार्थ स्वतः बसलेला नाहीं. शेक्सपिअर, स्विफ्ट आणि मिल्टन यांच्या ग्रंथांवर एक लंबगोल चित्रपट टेकून ठेविला आहे, आणि त्या चित्रपटावर हॉगार्थचा चेहरा आहे. म्हणजे धनी हा चित्रांतलें चित्र. कुत्रा मात्र त्या चित्रपटाच्या पुढें, आपल्या बाजूला, हाडामांसाचा बसलेला. स्वतःला रंगविलेलें दाखवून त्यानें आपल्या कुत्र्याला खरें ठेविलें.

परंतु मन मोठें वकील असतें. तें लगेच म्हणालें, "याच हॉगार्थनें १७५१ सालीं क्रौर्याच्या चार पायऱ्या दाखविणारे ठसे काढले, त्याचें काय?" खरेंच. त्या मालिकेंत पहिल्या चित्रांतला टॉम नीरो हा पोरगा एका कुत्र्याचे हाल करतो, दुसऱ्यांत मोठा होऊन घोड्याला झोडपतो, तिसऱ्यांत खून करतो, आणि चौथ्यांत फांशी गेलेल्या त्याच्या प्रेताची चिरफाड होत असतां खालीं एक कुत्रा त्याचें काळीज खात असतो. मुद्दाम ठसठशीत रेघांत, गरिबांनाही परवडावे म्हणून स्वस्तांत काढलेले हे ठसे आहेत. त्यांत नाजूकपणा औषधालाही नाहीं. मग पांढऱ्या ठिपक्यानेंच काय घोडें मारलें आहे? रस्त्यावरचीं कुत्रीं लसीवांचून मरत असतां, माझ्या मोत्याचें पोट भरलेलें दिसावें हा हट्ट म्हणजे कलावंताचा नुसता तोरा नव्हे काय?

रात्रभर आम्ही या वकिलाला उत्तर शोधीत होतों. पहाटे सुचलें तें असें. हॉगार्थच्या पहिल्या ठशांतला कुत्रा आपल्याकडे पाहून रडत नाहीं. चित्रकार आपली दृष्टि नेतो ती त्या पोराच्या हातांकडे, आणि त्याला थांबविण्यासाठीं स्वतःचा खाऊ पुढें करणाऱ्या दुसऱ्या एका पोराकडे. पाहणाराला विचारलेला प्रश्न असा कीं, या दोन पोरांपैकीं तूं कोण? त्या चित्रापुढून माणूस सुटून जाऊं शकत नाहीं. आमचा ठिपका मात्र माणसाला सोडवीत असे. चित्र पाहिलें, जीव कळवळला, पेटींत नोट टाकली, मन हलकें झालें, घरीं गेलें. त्या ठिपक्यानें सर्वांत अधिक सुटका कोणाची झाली असेल तर ती आमची. कागदावर एका कुत्र्याचें दुःख आम्हीं इतकें मन लावून काढीत होतों कीं, पायावर तापलेल्या दुसऱ्या कुत्र्याकडे पाहण्याचें आम्हांस कारणच उरलें नाहीं. दया वांटून झाली होती ना!

मृताची आठवण आणि जिवंतांसाठीं दान या दोन गोष्टी आपल्याकडे पूर्वीं अशा तोडलेल्या नव्हत्या. मुंबईंत जुन्या दगडी पाणपोया अजून कोठें कोठें उभ्या आहेत. कोणाच्या ना कोणाच्या स्मरणार्थ बांधलेल्या, आणि कित्येकींच्या पायथ्याशीं जनावरांसाठीं दगडी कुंड. याहून जुना दाखला कर्नाटकांतील आतकूरचा. ज्यांच्या काळांत वेरूळचें कैलास लेणें झालें त्या राष्ट्रकूटांच्या वंशांतील तिसऱ्या कृष्णाच्या अमदानींतली, इसवी सन ९५० च्या सुमाराची ही गोष्ट. गंगराजा बूतुग यानें आपल्या मनलेर नांवाच्या योद्ध्याला, काय हवें तें माग, असें म्हटलें. त्यानें ना सोनें मागितलें, ना गांव. राजाची काळी नांवाची शिकारी कुत्री मागितली. पुढें एका मोठ्या रानडुकराशीं झुंजतांना ती कुत्री आणि तें डुक्कर दोन्ही मेलीं. मनलेरानें देवळासमोर शिळा उभारली. तिच्यावर ती झुंज कोरलेली आहे, आणि शिळेच्या पूजेसाठीं जमीन दिल्याचा लेख आहे. पूजा केल्याखेरीज पुजाऱ्यानें जेवूं नये असेंही त्यांत बजावलें आहे. ती शिळा आज बंगळूरच्या संग्रहालयांत आहे. हजार वर्षांपूर्वींच्या त्या कोरणाऱ्यानें काळीला केविलवाणी केलेली नाहीं. ती जशी होती तशी, झुंजत असलेली, त्यानें ठेविली. म्हणूनच आपणांस आज ती काळी दिसते. नाहींतर नुसतें एक मेलेलें कुत्रें दिसलें असतें.

सकाळीं आम्हीं त्या मुलीला निरोप पाठविला: "बरगड्या दिसणार नाहींत, कारण त्या दिसत नव्हत्या. डोळे मिटलेलेच राहतील. चालत असेल तर घेऊन जा. नाहींतर दुसऱ्या कोणाचें चित्र लाव, आम्हांस राग नाहीं." तिचें उत्तर आलें, "काका, मोत्याला जसा होता तसाच येऊं द्या." पोर शहाणी होती.

चित्र रंगवावयास बसलों तेव्हां कळलें कीं, आम्हांस मोत्या नीटसा आठवतच नाहीं. उजवा कान दुमडलेला, हें शब्दांत ठाऊक. पण दुमड कोठून पडे? शेपटीचें टोंक पांढरें होतें कीं त्याला रंग लागलेला असे? अकरा वर्षें जें पायाशीं होतें त्याची एक रेघ हातांत नव्हती. शेवटीं सौभाग्यवतींस बोलाविलें. त्या शेजारीं बसल्या आणि सांगत गेल्या: "कान इथून नव्हे, जरा खालून. नाकावर ती आडवी खूण, मांजरानें ओरबाडलेली. झोंपला कीं मागचा डावा पाय असा बाहेर टाकायचा." त्यांनीं त्याला पाहिलें होतें. तें चित्र त्यांच्या डोळ्यांचें आहे. आमचा केवळ हात. चित्रांतलें पाऊल मात्र कोणाला विचारावें लागलें नाहीं. तें काढतांना, पुष्कळ वर्षांनीं, आमचा हात कांपला.

प्रदर्शनांत मोत्याचें चित्र विकलें गेलें नाहीं. मुलीचा अंदाज खरा होता. आजूबाजूचीं मोठ्या डोळ्यांचीं चित्रें भराभर गेलीं. आमच्या चित्रापुढें लोक थांबत, जरा पाहत, आणि पुढें जात. त्या पैशांतून लसी आल्या हें चांगलेंच झालें, आणि त्यांत आमचा वांटा शून्य होता हें येथें प्रामाणिकपणें नमूद करतों. उरलेलें चित्र मुलीनें आपल्या मंडळीच्या लहानशा दवाखान्यांत, आजारी जनावरें घेऊन लोक जेथें वाट पाहत बसतात त्या पडवींत, खिळ्यावर टांगलें.

वर्षभरानें आम्ही तिकडे एकदां गेलों. पडवींत बाकावर एक रिक्षावाला खाकी सदऱ्यांत बसला होता, आणि बाकाखालीं त्याचें म्हातारें कुत्रें. त्याची नजर भिंतीवर गेली. चित्र चांगलें कीं वाईट हें कांहीं त्याच्या तोंडावर उमटलें नाहीं. थोड्या वेळानें तो वांकला, बाकाखालीं हात घालून त्यानें कुत्र्याचें पोट, मग कान, मग नाक चांचपून पाहिलें, आणि उठून आंतल्या माणसाला विचारूं लागला, "साहेब, हा तापला आहे असें वाटतें. अजून किती वेळ लागेल?"

आम्ही कोणाशीं न बोलतां परतलों. आतां आमच्या टेबलाखालीं दुसरें कुत्रें आहे. त्याच मुलीनें गळ्यांत बांधलेलें. त्याचें नांव अद्याप ठरावयाचें आहे. सत्कार्याचीं कामें आम्ही पुन्हां घेऊं लागलों आहों, आणि पैशांची निकड फार असली तर तो पांढरा ठिपकाही, खोटें कशाला बोला, अधूनमधून ठेवतों. परंतु कुंचला उचलण्यापूर्वीं एकदां खालीं वांकून पाहतों. गुडघे दुखतात, पण पाहतों. आणि दर रविवारीं त्याचें एक रेखाटन करतों. दुमड कोठून पडते तें नीट पाहून.